संघटनेची सभा आणि हॉटेलचा करार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी व्यावसायिक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांची आहेत. वार्षिक अधिवेशन, कार्यशाळा किंवा मासिक सभा हॉटेलमध्ये भरवताना आलेल्या अडचणी त्यांत मांडल्या आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक फरक ध्यानात घ्यावा. कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना बैठकीला धाडते आणि त्यांच्या मुक्कामाचा खर्च स्वतः उचलते, त्यामुळे किती माणसे येणार हे तिला आधीच ठाऊक असते. संघटनेचा सभासद मात्र स्वतःच्या खिशातून खर्च करतो, यायचे की नाही हे बरेचदा शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरवत नाही, आणि कोठे उतरणार हे तर संघटनेला कळवतही नाही. हॉटेलचा छापील करार मात्र दोघांपुढे सारखाच ठेवला जातो. पुढील बहुतेक तंट्यांचे मूळ तेथे आहे.

प्रश्न : आमच्या अधिवेशनासाठी आम्ही 3 रात्रींकरिता दररोज 120 खोल्या राखून ठेवल्या होत्या. अधिवेशनाला गर्दी चांगली झाली, पण अनेक सभासदांनी संकेतस्थळांवर स्वस्त दर पाहून परस्पर खोल्या घेतल्या. आमच्या नावावर केवळ 231 रूम नाइट (एक खोली एका रात्रीसाठी म्हणजे 1 रूम नाइट) भरल्या. उरलेल्या 129 रूम नाइटचे पूर्ण भाडे हॉटेल मागत आहे. ते द्यावेच लागेल का? (कोषाध्यक्ष, अभियंत्यांची संघटना)

उत्तर : लगेच देऊ नका, आधी करार उघडा. राखलेल्या आणि प्रत्यक्ष भरलेल्या खोल्यांतील तुटीसंबंधीचे जे कलम असते, ज्याला हॉटेलवाले अट्रिशनचे कलम म्हणतात, त्यात काही टक्के सूट दिलेली आहे का, ते पाहा. ही सूट पुष्कळदा 20 टक्के असते. तुमच्या करारात ती तेवढी असेल, तर 360 रूम नाइटपैकी 288 भरण्याचीच जबाबदारी तुमच्यावर येते आणि तूट 129 नव्हे, तर 57 ठरते. पण ही सूट तिन्ही रात्रींच्या एकत्रित बेरजेवर मोजायची की प्रत्येक रात्रीची वेगळी, हेही वाचावे लागेल. वेगळी मोजायची असेल, तर शेवटच्या रिकाम्या रात्रीचा भुर्दंड पहिल्या भरलेल्या रात्रीने भरून निघत नाही. नवा करार करताना एकत्रित मोजणीचाच आग्रह धरावा.

यानंतर नावांचा ताळा घ्यावा. तुमची नोंदणीची यादी हॉटेलला द्या आणि त्या तारखांना मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांच्या यादीशी ती पडताळून मागा. पाहुण्यांची गोपनीयता सांभाळायची म्हणून हॉटेल आपली यादी तुमच्या हाती देणार नाही, आणि ते रास्तच आहे. पण दोन्ही याद्या समोर ठेवून त्यांच्याच कर्मचाऱ्याने तुमच्या प्रतिनिधीसमक्ष जुळणी करण्यास हरकत नसावी. संकेतस्थळावरून परस्पर खोली घेतलेला सभासद त्याच हॉटेलात उतरला असेल, तर तो तुमच्यामुळेच तेथे आला आहे आणि त्याची खोली तुमच्या खात्यात धरली गेली पाहिजे. समजा, अशा 26 रूम नाइट सापडल्या, तर तूट 31 वर येते. लग्नानंतर बदललेली सभासदांची नावे आणि जोडीदाराच्या नावाने घेतलेल्या खोल्या नुसत्या यांत्रिक जुळणीत हमखास निसटतात, म्हणून हे काम सभासदांना ओळखणाऱ्या माणसाकडे सोपवावे.

राहिलेल्या 31 रूम नाइटचेही पूर्ण भाडे मागणे न्याय्य नाही. रिकाम्या खोलीची सफाई, कपड्यांची धुलाई, वीज, न्याहारी यांवरचा खर्च हॉटेलचा वाचलेला असतो. म्हणून भरपाई भाड्यावर नव्हे, तर बुडालेल्या नफ्यावर ठरावी. भाड्याच्या 70 ते 80 टक्के रकमेवर असे तंटे बहुधा मिटतात. शिवाय त्यांपैकी एखाद्या रात्री हॉटेल पूर्ण भरलेले असेल, तर तुम्ही सोडलेल्या खोल्या दुसऱ्यांना विकल्या गेल्या आणि त्या रात्रीचे नुकसान झालेच नाही. त्या तिन्ही रात्री किती खोल्या रिकाम्या होत्या, हे लेखी मागा. करारात पुनर्विक्रीचे कलम नसेल, तर हॉटेल ऐकेलच असे नाही. पण विचारल्यावाचून कोणीही आपण होऊन सांगत नाही.

पुढच्या वेळी मात्र आखणीतच बदल करा. तिन्ही रात्री सारख्या खोल्या राखणे हीच मूळची चूक आहे. शेवटच्या दिवशी दुपारी समारोप असेल, तर त्या रात्री निम्मे सभासदही थांबत नाहीत. प्रत्येक रात्रीचा आकडा मागील अधिवेशनांच्या नोंदींवरून वेगळा ठरवा आणि तोही हात राखून सांगा, कारण मागणी वाढल्यास जास्त खोल्या बहुतेक वेळा मिळतात, घेतलेल्या परत करणे मात्र महाग पडते. अधिवेशनाच्या 120, 90 आणि 60 दिवस आधी आढावा घेऊन दंडाविना काही खोल्या सोडता येतील, असे कलम घाला. राखलेल्या खोल्यांचा तुमच्यासाठी ठरलेला दर संपण्याची तारीख बहुधा 3 ते 4 आठवडे आधीची असते. तुमच्या सवलतीच्या नोंदणी शुल्काची मुदत तिच्याही आठवडाभर आधी संपेल असे पाहा, म्हणजे सभासदांचा निर्णय वेळेत होतो आणि आकडा कोठे चालला आहे हे तुम्हाला अजून हालचाल करता येण्याजोग्या वेळी कळते. त्या तारखांना हॉटेलने सर्वसाधारण ग्राहकांना तुमच्यापेक्षा कमी दर देऊ नये, किंवा दिलाच तर तुम्हालाही तोच लागू करावा, हेही लिहून घ्या.

याला जोडूनच सांगायचे म्हणजे, अधिवेशन जाहीर झाले की संघटनेचे अधिकृत निवास-व्यवस्थापक असल्याची बतावणी करून सभासदांना फोन करणारे भामटे निघतात. खोली आरक्षित करण्याचा एकमेव मार्ग कोणता, हे प्रत्येक परिपत्रकात ठळक छापावे.

प्रश्न : हॉटेलच्या माहितीपत्रकात सभागृहाची क्षमता 300 लिहिली होती. आम्ही अवघ्या 180 जणांसाठी टेबले मांडली, तरी दाटी झाली आणि मागच्या रांगांना पडद्यावरची अक्षरे दिसेनात. आमची फसवणूक झाली का? (कार्यवाह, लेखापालांची संघटना)

उत्तर : फसवणूक म्हणता येणार नाही, पण तो आकडा तुमच्यासाठी नव्हताच. माहितीपत्रकातील मोठा आकडा थिएटर पद्धतीचा, म्हणजे नुसत्या खुर्च्यांच्या रांगांचा असतो, आणि बहुतेक वेळा त्यात व्यासपीठ, पडदा, ध्वनियंत्रणेचे टेबल, मधल्या वाटा आणि मागे चहाची मांडणी यांची जागा वजा केलेली नसते. खुर्च्यांच्या रांगांत दर माणशी सुमारे 1 चौरस मीटर पुरतो. लिहिण्यासाठी टेबले मांडली की 1.5 ते 2 चौरस मीटर लागतात. गोल टेबलांना त्यांच्या मधले माप लागते, पण तेथे निम्म्या लोकांची पाठ वक्त्याकडे होते. म्हणून चर्चासत्रात 5 फुटी गोल टेबलाभोवती 8 ऐवजी 5 जणांना अर्धवर्तुळात बसवणे योग्य. असे केल्यास क्षमता आणखी घटते, हे उघडच आहे.

अक्षरे न दिसण्याचे कारण बहुधा छताची उंची हे असावे. ती माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते आणि ती कोणी पाहत नाही. पुढे बसलेल्यांची डोकी आड येऊ नयेत यासाठी पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान 4 फुटांवर हवी. छत 10 फुटांचे असेल आणि वर अर्धा फूट सोडला, तर पडद्याला उंची उरते 5.5 फूट. आकडे आणि मजकूर वाचायचा असेल, तर शेवटची खुर्ची पडद्याच्या उंचीच्या 6 पटींहून दूर नसावी, असा प्रचलित ठोकताळा आहे. म्हणजे 33 फुटांपलीकडे बसलेल्या लेखापालाला ताळेबंद दिसणार नाही, मग सभागृह कितीही लांब असो. अशा वेळी मध्यावर आणखी दोन पडदे लावावेत किंवा सभागृह आडवे वापरावे, म्हणजे व्यासपीठ लांब भिंतीला येते आणि रांगा कमी होतात.

पाहणीला जाताना मोजपट्टी न्या. खांब आणि झुंबरे प्रोजेक्टरच्या वाटेत येतात का ते पाहा, आणि सरकती भिंत ओढून दोन भाग केले जाणार असतील, तर पलीकडे एकाला मोठ्याने बोलायला सांगून अलीकडे उभे राहा. शेजारच्या भागात त्या दिवशी कोणता कार्यक्रम आहे, हेही विचारा. ध्वनिक्षेपक लावणाऱ्या समारंभाशेजारी परीक्षा किंवा मतदान ठेवता येत नाही. आपत्कालीन दारांपुढील जागा आणि अग्निसुरक्षेसाठी मंजूर झालेली संख्या यांत मात्र कोणतीही तडजोड करू नये, व्यवस्थापक स्वतः होकार देत असला तरी.

प्रश्न : भोजनासाठी किती पाने सांगावीत यावर दर वर्षी कार्यकारिणीत वाद होतो. नोंदणी 240 ची असते आणि कधी 30 पाने वाया जातात, तर कधी लोक रिकामी ताटे घेऊन उभे राहतात. (स्वागत समितीच्या सदस्या, परिचारिकांची संघटना)

उत्तर : नोंदणीचा आकडा म्हणजे पानांचा आकडा नव्हे. पहिल्या दिवशी दुपारी जवळजवळ सगळे असतात, सकाळच्या न्याहारीला गळती मोठी असते आणि शेवटच्या दिवशीचे भोजन तर गाडी-विमानाच्या वेळांवर अवलंबून असते. ज्याचे वेगळे पैसे घेतलेले नसतात, त्या कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारेही अधिक असतात. म्हणून प्रत्येक जेवणाचा वेगळा आकडा द्यायचा आणि नोंदणी अर्जातच प्रत्येक जेवणापुढे खूण करण्यास सांगायचे.

हॉटेल अंतिम आकडा साधारणपणे 3 कामकाजाचे दिवस आधी मागते. त्यानंतर तो वाढवता येतो, घटवता येत नाही. आणि आलेले कमी असले तरी सांगितलेल्या आकड्याचेच बिल लागते. सांगितलेल्यापेक्षा किती टक्के जास्तीची तयारी ठेवली जाते, ते विचारा. बरीच हॉटेले 3 ते 5 टक्के ठेवतात. तुम्ही आपल्या मनाने थोडे वाढवून सांगितले आणि हॉटेलनेही वर वाढवले, तर ती 30 पाने आपोआप तयार होतात. जेवणाची वेळ सुरू झाल्यावर दाराशी प्रत्यक्ष मोजणी करून तो आकडा बँक्वेट कॅप्टनच्या, म्हणजे हॉटेलच्या वाढप-व्यवस्थेच्या प्रमुखाच्या, सहीनिशी कागदावर घ्यावा. चहा-कॉफीचे बिल शक्य तेथे माणशी न घेता प्रत्यक्ष खपावर घ्यावे, कारण दुसऱ्या सत्रानंतर निम्मे लोक बाहेर बोलत उभे असतात.

दरांची तुलना करताना सेवाशुल्क आणि कर धरूनच करा. 100 च्या दरावर 20 टक्के सेवाशुल्क आणि 10 टक्के कर असेल, तर बेरीज 130 नव्हे. कर सेवाशुल्कावरही लागत असल्यास ती 132 होते. खानपानावर किमान अमुक रक्कम खर्च करण्याची अट असते, तेव्हा त्या रकमेत सेवाशुल्क आणि कर सहसा मोजले जात नाहीत. ही अट मान्य करताना रक्कम कमी ठरवा, आणि तूट आलीच तर तेवढ्या रकमेचे खाणे-पिणे हॉटेलकडून घेण्याची मुभा मागा, म्हणजे पैसे नुसते दंडात जात नाहीत.

प्रश्न : वार्षिक सर्वसाधारण सभा अधिवेशनातच घ्यावी, असा आग्रह आहे. हॉटेलच्या दृष्टीने काही वेगळी काळजी लागते का? (अध्यक्ष, वास्तुविशारदांची संघटना)

उत्तर : सभेची नोटीस, गणसंख्या आणि मतदानाचे नियम तुमच्या घटनेत असतील, ते प्रथम पाहा, हॉटेलची तारीख पक्की करताना नोटिशीची मुदत त्यात बसली पाहिजे. सभा जेवणानंतर लावू नका, गणसंख्या तेथेच मोडते. मतदानाचा अधिकार असलेल्यांना एका बाजूला आणि पाहुण्यांना दुसऱ्या बाजूला बसवता येईल, एकाच दाराने नोंद करून आत सोडता येईल आणि मतमोजणीसाठी कुलपाची वेगळी खोली जवळ मिळेल, असे सभागृह निवडा. सभा लांबल्यास पुढचा तास मोकळा आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

प्रश्न : 2020 साली आमची परिषद रद्द करावी लागली आणि अनामत बुडाली. आता नवा करार करताना काय मागावे? (माजी कार्यवाह, वैद्यकीय तज्ज्ञांची संघटना)

उत्तर : 11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची साथ वैश्विक असल्याचे म्हटले, पण तेवढ्याने कोणाचाही करार आपोआप संपला नव्हता. अटळ आपत्तीचे, म्हणजे फोर्स मेज्यूरचे कलम जुन्या करारांत बहुधा असे लिहिलेले असे, की कार्यक्रम ‘बेकायदेशीर किंवा अशक्य’ झाला तरच संघटना मोकळी होईल. त्यामुळे सरकारी बंदी येण्याआधी काळजीपोटी स्वतःहून परिषद रद्द करणाऱ्यांकडे रद्दीकरणाची रक्कम मागण्यास हॉटेलला जागा राहिली, आणि बंदी येईपर्यंत थांबलेल्यांची बाजू अधिक भक्कम झाली. सावधगिरी बाळगणाऱ्यालाच तोटा व्हावा, हे उफराटे आहे, पण कलमाची भाषा तशी होती.

म्हणून नव्या करारात ‘व्यावहारिकदृष्ट्या अशक्य’ हेही कारण घाला आणि साथीचा रोग, प्रवासबंदी, वाहतूक ठप्प होणे यांचा नावानिशी उल्लेख करा. पूर्ण रद्द करण्यापलीकडचा मधला मार्गही लागतो : नोंदलेल्या सभासदांपैकी ठरावीक हिस्सा अशा कारणाने येऊ शकला नाही, तर परिषद भरेल, मात्र खोल्यांच्या आणि खानपानाच्या तुटीचा दंड लागणार नाही. अनामत रोख परत मिळेल की पुढील तारखेला वळती होईल, हे आधीच लिहून घ्या. संघटना आपणहून रद्द करील तेव्हाची रक्कम तारखेगणिक चढत जाणारी असावी. वर्षभर आधी रद्द केले तर थोडी, शेवटच्या महिन्यात जास्त. तिच्यातही पुनर्विक्रीतून आलेले उत्पन्न वजा व्हावे.

हॉटेलने करार मोडला तर काय, हे विचारायचे बहुतेक जण विसरतात. इमारतीची डागडुजी सुरू होणे, मालकी किंवा व्यवस्थापन बदलणे, खोली पक्की असतानाही सभासदाला जागा नाही म्हणून दुसरीकडे पाठवणे, या प्रत्येकासाठी कलम हवे. शेवटच्या प्रकारात तेवढ्याच दर्जाच्या जवळच्या हॉटेलात पहिल्या रात्रीचा मुक्काम आणि ये-जा हॉटेलच्या खर्चाने व्हावी, आणि अशी खोली तुमच्या खात्यात भरलेली धरावी. परिषद रद्द होण्याविरुद्धचा विमा घ्यायचा असेल, तर तो करारावर सही होताच घ्या; संकट दिसू लागल्यावर ते वगळलेलेच असते, आणि संसर्गजन्य रोग तर 2020 नंतरच्या बहुतेक पॉलिसींत मुळातच वगळलेला असतो.

प्रश्न : आमचे एक पदाधिकारी हॉटेलशी बोलणी करतात. मोफत मिळणाऱ्या खोल्या आणि हॉटेलच्या ग्राहक-सदस्यत्व योजनेत आरक्षणावर जमा होणारे गुण (पॉइंट्स) ते स्वतःसाठी घेतात, असे लक्षात आले आहे. हे चालते का? (नाव देऊ नये)

उत्तर : चालत नाही. भरलेल्या दर 40 किंवा 50 खोल्यांमागे 1 खोली मोफत देण्याची जी पद्धत आहे, ती संघटनेच्या उलाढालीमुळे मिळते आणि तिच्यावर संघटनेचाच हक्क आहे, गुणांचेही तेच. त्या गृहस्थांवर ताशेरे ओढण्यापेक्षा कार्यकारिणीने ठराव करावा की सर्व सवलती करारात लेखी याव्यात, मोफत खोल्या वक्ते आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांना द्याव्यात आणि किमान 2 हॉटेलांचे लेखी प्रस्ताव समोर ठेवल्याशिवाय सही होऊ नये.

प्रश्न : आम्ही 40 जण दर महिन्याला एकाच हॉटेलात भेटतो. मोठे गिऱ्हाईक आले की आमची खोली आयत्या वेळी बदलली जाते. (कार्यवाह, विमा सल्लागारांचे मंडळ)

उत्तर : दर महिन्याचे वेगळे आरक्षण करणे थांबवा आणि 12 सभांचा एकच करार करा. खोलीचे नाव त्यात लिहा आणि संघटनेच्या लेखी संमतीशिवाय ती बदलणार नाही, असे कलम घाला. शनिवारची संध्याकाळ हॉटेलला हवी असते, मंगळवारची नको असते. वार बदलायला तुमची तयारी असेल, तर 40 जणांच्या मंडळालाही बोलणी करण्याची ताकद येते.

प्रश्न : कार्यकारिणी दर 2 वर्षांनी बदलते आणि प्रत्येक नवी समिती शून्यापासून सुरुवात करते. काय जपून ठेवावे? (कार्यालय प्रमुख, औषधनिर्मात्यांची संघटना)

उत्तर : छायाचित्रे आणि स्मरणिका सगळे जपतात, हॉटेलशी बोलताना त्यांचा उपयोग नसतो. जपायचे ते आकडे असे : प्रत्येक रात्री राखलेल्या खोल्या आणि भरलेल्या खोल्या, अधिवेशनाच्या 90, 60 आणि 30 दिवस आधी झालेले आरक्षण, प्रत्येक जेवणाला सांगितलेली पाने आणि दाराशी मोजलेली माणसे, नोंदणी करूनही न आलेले, आणि संघटनेमुळे हॉटेलला झालेली एकूण उलाढाल. 3 वर्षांचे असे तक्ते समोर ठेवले, की सेल्स मॅनेजरची भाषा बदलते, कारण त्याच्याही वरिष्ठांना तोच पुरावा हवा असतो.

हे आकडे मागाहून मिळत नाहीत. अधिवेशन चालू असताना दररोज संध्याकाळी बिलाचा त्या दिवसाचा भाग तपासून घ्यावा. चुकीचा प्रोजेक्टर किंवा न मागवलेला चहा त्याच दिवशी आठवतो, महिन्यानंतर आठवत नाही. समारोपानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी हॉटेलच्या संबंधित विभागप्रमुखांबरोबर अर्ध्या तासाची बैठक घ्या आणि खोल्यांचा रात्रवार अहवाल 2 आठवड्यांत लेखी मिळेल, हे तेथेच ठरवा. अंतिम बिलातील वादाची रक्कम बाजूला काढून उरलेली वेळेवर भरा आणि वादाची कारणे त्याच पत्रात कळवा. नाहीतर पूर्ण रकमेवर उशिराचे व्याज लागू शकते.